हन्नाबींची खुर्ची

"लाल मखमल! वर सोनेरी झालर! हन्नाबी काय बोहल्यावर चढणारेत?"

सासूबाई माझ्या कानाला लागून पुटपुटल्या. पुटपुटल्या हे त्यांच्या मते. पुढच्या दोन रांगांना नीट ऐकू गेलं असणार. बरं झालं, त्या रांगांत व्याह्यांकडची माणसं होती आणि त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नाही.

"आई, हळू बोला."

"हळूच बोलतेय. आपली खुर्ची कुठे टाकली?"

टाकली नव्हती, भिंतीला लावली होती. साधी लाकडी खुर्ची, वर पांढरीशुभ्र चादर, चादरीवर सब्जाची डहाळी. मुलाची सुंता असली की आम्ही हन्नाबींसाठी अशी एक खुर्ची रिकामी मांडतो. ते येतात, बसतात, बघतात. मूल आधी त्या खुर्चीवर टेकवायचं, मग सुंतेसाठी मांडीवर घ्यायचं. अलिबागेत हेच, भायखळ्यात हेच, आणि इथे यहुद्यांच्या देशात, किर्यात याममध्ये समुद्राकाठच्या आमच्या छोट्या सिनगॉगमध्येही हेच. पण माझ्या लेकीचं, याएलचं, सासर मोरोक्कोकडचं. तिची सासू मसूदा सकाळीच टेम्पोतून त्यांची पिढीजात खुर्ची घेऊन आली. लाल मखमल, सोनेरी कशिदा, दोन बाजूंना पितळी डाळिंबं. चार माणसांनी ती उतरवली आणि खिडकीसमोर मधोमध मांडली. मधोमध आमची होती.

"मुलाची पणजी जिवंत असून कुणी विचारत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि याएल बाळाला घेऊन बसली होती त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. मूल खुर्चीपर्यंत न्यायचा मान त्यांचा होता. तो तरी कुणी टेम्पोतून आणला नव्हता.

हन्नाबी म्हणजे संदेष्टा. आमच्या धर्मात संदेष्टे पुष्कळ, पण नुसतं हन्नाबी म्हटलं की एकच, एलियाहू. जे मेलेच नाहीत. अग्नीच्या रथात बसून जिवंतपणी वर गेले, आणि जाताना कोकणावरून गेले, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर रथाची खूण उमटली, असं आमच्यातली प्रत्येक म्हातारी छातीवर हात ठेवून सांगते. ताप उतरला, नोकरी लागली, पोराला पोरगी पसंत पडली, की आम्ही त्यांच्या नावाने मलिदा करतो. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर पाच फळं.

त्यांचं नाव मी इथे सरळ लिहून टाकलं. गाणं सोडलं तर घरात ते एकवीस वर्षं निघालं नव्हतं. कारण तेच नाव सासूबाईंच्या धाकट्या भावाचं. एलिया.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा सरताना सगळं घर "एलियाहू हन्नाबी" गातं. सासूबाई गातात, "हं हं हं हं हन्नाबी." पहिल्या शब्दाला तोंड घट्ट मिटून. मसूदा पहिल्यांदा आमच्याकडे शब्बाथला आली तेव्हा तिने हे नीट पाहिलं. तिला वाटलं, हिंदुस्थानातल्या यहुद्यांची ही जुनी रीत असणार, नाव इतकं पवित्र की ओठांवर आणत नाहीत. तिला ते फार आवडलं. दोन महिन्यांनी आम्ही तिच्याकडे गेलो, तर मोरोक्कोची ती पंचवीस माणसं डोळे मिटून "हं हं हं हं" करत होती. मी काय सांगणार? मीही केलं.

बहीण-भावाचं भांडण झालं ते मलिद्यावरूनच. आम्ही नुकतेच या देशात आलो होतो. सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, ते वाचले, आणि सासूबाईंना नवस फेडायचा होता. पनवेलहून निघालेले पोहे बोटीवर भिजून कुजले. इथे तेव्हा पोहे कुणाला माहीत? मी चोवीस वर्षांची सून, कडेवर तीन वर्षांची याएल. कोपऱ्यावरच्या दुकानात मला एक खोकं दिसलं. चपटं, कोरडं, कुरकुरीत. म्हटलं, पोहेच की हे, मक्याचे. चार खोकी घेतली आणि घरी येऊन भिजत घातली. पोहे भिजले की फुलतात. कॉर्नफ्लेक्स भिजले की हार मानतात.

एलियामामा तेव्हा आमचे हज्जान होते, प्रार्थना तेच चालवायचे. मलिद्याच्या ताटातल्या प्रत्येक जिनसावर वेगळी बराखा, म्हणजे आभाराची प्रार्थना, म्हणायची असते, झाडावरच्या फळाची वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी. त्यांनी ताटावरचा रुमाल उचलला आणि त्या पिवळ्या लगद्याकडे बघतच राहिले.

"याच्यावर कुठली बराखा म्हणू?" ते म्हणाले. "झाडाची, जमिनीची, की कारखान्याची?"

लोक हसले. तिथेच बिनसलं. मामा विनोद करत नव्हते.

"हसता? इथे आलात आणि सगळं सोडलंत! देवाचं म्हणून काही धरून ठेवणारा मीच एकटा उरलोय!"

आणि ते ताटाला बोट न लावता उठले. मलिद्यावरून न खाता उठणं म्हणजे हन्नाबींना दारातून परत लावणं. सासूबाई हातात दुसरं ताट धरून समोर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा. तुझं नाव या घरात निघायचं नाही."

मामा दिमोनाला राहायला गेले, थेट वाळवंटात. सगळ्यांची समजूत झाली की कॉर्नफ्लेक्स सासूबाईंनी आणले. त्यांनी ती होऊ दिली. मी गप्प बसले. आधी भीतीने, मग सवयीने.

आता आणखी एक गोष्ट. याएलच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आमच्या खिडकीतून खाडीपलीकडे कार्मेलचा डोंगर दिसतो. त्याच डोंगरावर हन्नाबींनी आकाशातून आग उतरवून साडेचारशे खोट्या पुजाऱ्यांना गप्प केलं, आणि त्याच्याच पायथ्याला त्यांची गुहा आहे. याएल दर महिन्याला तिथे जायची. भिंतीला कपाळ टेकून म्हणायची, मुलगा झाला तर नाव तुमचं. मुलगा झाला. साडेतीन किलोचा, नकटा, रागीट. नाव सुंतेच्या वेळी मोठ्याने पुकारायचं असतं. आता ते काय पुकारायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या विचारायच्या, "नाव काय ठरलं?" आणि आम्हाला सगळ्यांना एकदम कामं आठवायची.

आणि मी एक आगाऊपणा करून बसले होते. इथे सुंतेला कुणाला बोलवत नाहीत, नुसती खबर देतात. बोलावलं आणि माणूस आला नाही तर हन्नाबींचा अपमान होतो, म्हणून. मी दिमोनाला फोन केला. "मामा, मी बोलवत नाहीये. फक्त सांगतेय. गुरुवारी, दुपारी." पलीकडून खोकला आला आणि फोन बंद झाला.

गुरुवार म्हणजे बाळाचा आठवा दिवस. सुंता आठव्या दिवशीच करायची आणि सूर्य बुडायच्या आत. थंडीतला दिवस, साडेचारला अंधार. मोहेल, म्हणजे सुंता करणारे रब्बी, बाराला यायचे होते. नहारियात त्यांची आधीची सुंता लांबली, मग गाडीने दगा दिला. साडेतीन वाजले तरी पत्ता नाही. मी स्वयंपाकघरात मलिद्याचे पोहे मोकळे करत होते. खरे पोहे. हल्ली अश्दोदला मिळतात. स्वयंपाकघराला सभागृहाकडे उघडणारी एक छोटी खिडकी आहे, ताटं सरकवायची. त्या खिडकीतून मला दार उघडताना दिसलं.

मामा आले होते.

मी त्यांना काठीवरून ओळखलं. बाकी सगळं बदललं होतं. दाढी पांढरी होऊन पोटापर्यंत आलेली, अंगात धुळीच्या रंगाचा लांब कोट, डोळ्यांत मोतीबिंदू. ते भिंतीला धरून पुढे आले. आमच्या पांढऱ्या खुर्चीपाशी थांबले, चादरीला बोटं लावली, ती ओठांना लावली. हन्नाबींची खुर्ची. तिला वळसा घातला. मग चाचपत चाचपत मधोमध आले, हाताला मखमल लागली आणि "हुश्श" करून बसले.

लाल खुर्चीत.

आमच्या माणसाला लाल मखमल दिसली तर तो लग्नाच्या हॉलची खुर्ची समजणार. हन्नाबींची खुर्ची चुकवून नीट बाजूला बसलो, या समाधानात त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

सभागृहात मोरोक्कोची पन्नास-साठ माणसं होती. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. त्यांच्या घराण्यात त्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. म्हणजे, डोळ्यांना दिसेल असं.

मसूदा पुढे झाली. ही बाई कस्टमच्या साहेबाशी भांडून इराणी गालिचा सोडवून आणणारी, पण तिचा आवाज बसला होता. "बाबा, आपण कोण?"

"एलियाहू," मामा म्हणाले. खरं तेच सांगितलं बिचाऱ्यांनी.

मसूदाच्या मागे कुणाच्या तरी हातातली चहाची पेली खाली पडली.

"कुठून आलात, बाबा?"

"वाळवंटातून."

"कसे आलात?"

"गाडीने. काय सांगू बाई, गाडी कसली, नुसती आग! ड्रायव्हरला हीटर बंद करता येईना. अंगाची लाही लाही झाली."

यातलं 'हीटर' मसूदाच्या कानात गेलं असेल असं मला वाटत नाही. गाडी आणि आग एवढं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"काही खाल्लंत का?"

"कुठलं! हायफाच्या स्टँडवर पोळी सोडली, तर कावळे आले."

"कावळे!" मसूदाची बहीण ओरडली आणि रडायलाच लागली. वाळवंटात हन्नाबींना सकाळ-संध्याकाळ कावळ्यांनी भाकरी आणून दिली होती हे पहिलीतल्या पोरालाही माहीत. मामांची पोळी कावळ्यांनी पळवली होती, पण तेवढं ऐकायला कोण थांबतंय?

पाच मिनिटांत त्यांच्यासमोर पुदिन्याचा चहा, बदामाची बिस्किटं, खजूर, आणि याएलच्या चुलतसासऱ्यांनी स्वतःच्या पाठीमागची काढून दिलेली उशी. दहा मिनिटांत रांग लागली. कुणाची पोरगी परीक्षेला बसलेली, कुणाचा गुडघा, एक लग्नाळू टॅक्सीवाला. मामा आधी बावरले, मग खुलले. जुने हज्जान ते. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून खणखणीत आशीर्वाद देऊ लागले. एकवीस वर्षं दिमोनात त्या माणसाला कुणी धड चहा विचारला नसेल.

"कसली माया आहे या लोकांत!" ते मसूदाला म्हणाले. "मी उगाच सगळ्यांना नावं ठेवत होतो. माझ्या बहिणीनेच सांगून ठेवलं असेल ना तुम्हाला?"

मसूदा हळूच आपल्या बहिणीकडे वळली. "यांना बहीण होती? कुठे लिहिलंय?"

माझा नवरा हनोख स्वयंपाकघरात शिरला. घामाघूम.

"अगो, तो मामा आहे ना?"

"दिसतोय तर तसाच."

"कुणी सांगितलं त्याला?"

मी पोह्यांत आणखी खोबरं घातलं. गरज नव्हती. "जाऊन उठवा त्यांना."

"मी? माझी कंबर धरलीये."

"कंबरेचं काय काम? तोंडाने उठवायचंय."

"मग तू उठव. तुला बोलता येतं."

येतं. पण बोलायचं म्हणजे ते कोण हे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे नाव घ्यायचं. सभागृह आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसता एक पडदा. माझ्या नणंदेच्या लग्नात कुणीतरी चुकून मामांचा विषय काढला, तर सासूबाई वाढलेल्या पानावरून उठून दोन बसेस बदलून घरी गेल्या होत्या. आज त्यांच्या हातात मूल होतं आणि आकाशात पाऊण तासाचा सूर्य.

तेवढ्यात मोहेल आले. ठेंगणे, चपळ, हातात काळी पेटी. दारातच ओरडले, "चला चला, पळा, उजेड जातोय!" मग त्यांना खुर्ची दिसली. ते थबकले.

"हे कोण?"

माझा जावई शिमोन त्यांच्या कानात कुजबुजला. तो शिकलेला मुलगा आहे, बंदरावर इंजिनियर. कुजबुजताना त्याचे कान लाल झाले होते.

मोहेलनी पेटी खाली ठेवली. "हे बघ बाळा," ते म्हणाले, "तीन हजार मुलं मी रिकाम्या खुर्चीवर टेकवलीत. भरलेली खुर्ची आज पहिल्यांदा बघतोय. मी काही सांगायला जाणार नाही. तुमचं तुम्ही बघा. पंचवीस मिनिटं आहेत."

हनोखने शेवटी धीर करून तोंड उघडलं. "ती पांढरी खुर्ची घेऊ या की. रिकामीच आहे."

मसूदा त्याच्यावर उखडली. "हनोखभाऊ, शुद्धीवर आहात ना? साक्षात इथे बसलेत, आणि माझ्या नातवाला रिकाम्या खुर्चीवर ठेवायचं?"

आमच्याकडची सहा-सात म्हातारी माणसं कोपऱ्यात उभी होती, भायखळ्यापासूनची. त्यांनी सगळ्यांनी मामांना ओळखलं होतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या बुटांकडे बघत होता. आणि मामा, रांग संपली म्हणून, पाय जरा लांब करून गुणगुणायला लागले. "एलियाहू हन्नाबी." अलिबागची जुनी चाल, होडी वल्हवल्यासारखी, दुसऱ्या ओळीला खाली उतरणारी. ती चाल आता इथे कुणी म्हणत नाही.

व्याह्यांकडच्या सगळ्यांनी डोळे मिटून साथ धरली. "हं हं हं हं."

मी हात पुसले आणि पडदा बाजूला करून आत गेले.

याएल पलंगावर रडवेली बसली होती. सासूबाई खुर्चीत ताठ. मांडीवर बाळ, पांढऱ्या दुपट्यात, मुठी आवळून झोपलेलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या,

"खोकला ओळखते मी. मघापासून ऐकतेय."

"आई, मी फोन केला होता."

"ते दिसतंय. दुसऱ्या कुणात एवढा मूर्खपणा नाही."

"आणि आई..." मी याएलकडे बघितलं, खाली बघितलं. चव्वेचाळीस ओलांडलेली बाई मी, शाळकरी पोरीसारखी उभी. "ते कॉर्नफ्लेक्स मी आणले होते."

सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्यांना आज गुरुवार आहे असं सांगितलं.

"मग काय मी आणले होते? मी आयुष्यात कधी मक्याला हात लावला असता? सगळ्या जगाला ठाऊक आहे गो ते. त्यालाही."

"मग तुम्ही एकवीस वर्षं..."

"कॉर्नफ्लेक्ससाठी कुणी भावाला टाकतं का?" त्यांनी बाळाचं दुपटं नीट केलं. नीटच होतं. "तो म्हणाला, मीच एकटा उरलोय. मी समोर उभी होते. हातात ताट धरून. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, मी नऊची. याला कडेवर घेऊन मी पाणी भरलंय. प्रार्थनेचं पहिलं अक्षर याला मी शिकवलं, हज्जान नंतर झाला. आणि सगळ्या लोकांसमोर म्हणतो, मीच एकटा. मग मी कोण होते? खुंटी?"

बाहेर मोहेलचा आवाज आला, "अठरा मिनिटं!"

मला मोठं काही सुचत नाही, शाळेतही सुचलं नाही. वाचलेलं तेवढं आठवतं. "आई, हन्नाबीपण असंच म्हणाले होते ना? राणीला भिऊन पळाले, झुडपाखाली जाऊन बसले, आणि देवाशी तक्रार केली, सगळ्यांनी तुझा करार मोडला, मी एकटाच उरलोय."

"मला शिकवतेस?"

"नाही. विचारतेय. देवाने त्यांना काय सांगितलं?"

ही गोष्ट सासूबाईंनीच मला सांगितली होती, सून होऊन आले त्या वर्षी, कांदे निवडता निवडता. देव म्हणाला, एकटा कसा? माझी सात हजार माणसं आहेत की. तुला दिसत नाहीत एवढंच. आणि तू लोकांची चहाडी केलीस ना, की करार मोडला? मग आता जिथे जिथे मुलाची सुंता होईल तिथे तिथे जाऊन बसायचं. डोळ्यांनी बघायचं की करार मोडला नाही. एकही सुंता चुकवायची नाही, जगाच्या अंतापर्यंत.

"देवाने खुर्चीत बसवलं," याएल पलंगावरून हळूच म्हणाली.

सासूबाईंच्या गालाची एक शीर हलली. मला वाटलं रडू येतंय. पण त्यांच्या पोटातून आधी एक बारीक आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग त्या चक्क खिदळल्या. एवढ्या की बाळ जागं झालं.

"म्हणजे हा शिक्षा भोगायला आलाय!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मेला, शिक्षेतसुद्धा मखमलीवर बसलाय." मग एकदम थांबल्या. याएलकडे बघितलं. "आणि याचं नाव काय ठेवलंय तेही मला कळतं गं. आठ दिवस तुम्ही सगळे माझ्यासमोर मुक्यासारखे फिरताय. गुहेत जाऊन दुसऱ्या कुणाचं नाव मागितलं असशील? मोशेचं?"

याएलचं तोंड उघडं राहिलं.

"दुपटं दे ते वरचं," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझा पदर सरळ कर."

त्या बाळाला घेऊन पडद्याबाहेर आल्या. शहात्तर वर्षांची, पाच फुटांचीही नाही अशी बाई, पांढऱ्या नऊवारीत. सभागृह दुभंगलं. आमच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी बुटांवरून डोळे वर केले. खिडकीत सूर्य समुद्राला टेकायला आला होता आणि त्याचा सगळा तांबडा उजेड लाल मखमलीवर, पितळी डाळिंबांवर, मामांच्या दाढीवर सांडला होता. खरं सांगते, क्षणभर मलाही शंका आली.

मसूदा दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. मोहेलनी पेटी उघडली आणि घड्याळ बघायचं विसरले.

सासूबाई खुर्चीसमोर जाऊन थांबल्या. मामांची गुणगुण बंद झाली. त्यांनी डोळे बारीक केले. त्यांना काय दिसलं असेल? एक पांढरं लुगडं, एक पांढरं बोचकं. पण डोक्याला लावलेल्या तेलाचा वास आला असणार, कारण ते काठी चाचपायला लागले आणि काठी खाली पडली.

"बाय?" ते म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस, आवाज पाच वर्षांचा.

सासूबाईंनी तोंड उघडलं. सवयीने आधी नुसतं "हं" आलं, ओठ मिटूनच. व्याह्यांकडच्या दोघा-तिघांनी भक्तिभावाने ते उचललंसुद्धा. त्यांनी मान हलवली, ओठ ओले केले, बाळाला खांद्यावर नीट घेतलं.

"एलिया," त्या म्हणाल्या, "ऊठ रे. ही हन्नाबींची जागा आहे. तू माझ्या बाजूला बस."